एक रेघ, दोन केंद्रं: पाथर्डी फाट्याच्या क्लासमधलं एक प्रकरण

आधी गणित सांगते, बाकी सगळं नंतर. आलेख कागदावर रेख एबी दिलेली, ए(१,१) आणि बी(४,२). त्याच कागदावर दुसरी रेख पीक्यू, पी(७,३) आणि क्यू(६,६). प्रश्न असा की रेख एबी एका बिंदूभोवती ९० अंशांतून फिरवली की ती रेख पीक्यूवर जाऊन बसते, तर तो बिंदू कोणता. उत्तरपत्रिकेत छापलेलं उत्तर (३,५). खाली कुठलीही टीप नाही, दिशा नाही, काही नाही.

हा कागद एका टेस्ट सिरीजचा. आमचा क्लास म्हणजे नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, पोरं येतात सिडकोतून, इंदिरानगरमधून, काही राणेनगरची, आणि बोर्ड सगळ्यांची वेगवेगळी. स्टेट बोर्डाची जास्त, काही सीबीएसईची, आणि एक मुलगी केंब्रिज बोर्डाची. हे सांगायचं कारण असं की स्टेट बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमिती आहे, अंतराचं सूत्र आहे, विभाजन सूत्र आहे, चढ आहे, पण आकृती फिरवणं हा भाग नाहीये. म्हणजे पोरांकडे हत्यारं सगळी आहेत, फक्त हे काम त्यांनी कधी केलेलं नाही. केंब्रिजवालीला मात्र सातवी-आठवीपासून सवय, फिरवलं म्हटलं की केंद्र, कोन आणि दिशा तिन्ही लिहायचं, एक राहिलं तरी मार्क गेला.

पेपर तपासायला घेतला तर साधारण अर्ध्या वर्गाचं उत्तर (३,५), पाच-सहा जणांचं (६,१), आणि बाकीच्यांनी आरंभबिंदू म्हणजे (०,०) लिहून वर काहीतरी सरकवासरकवी केलेली. उत्तरपत्रिकेप्रमाणे गेलं तर (६,१) वाल्यांना शून्य. पण त्या पाच-सहा जणांत दोन पोरं अशी होती की ज्यांचं गणित सहसा चुकत नाही, आणि ती एकमेकांच्या शेजारी बसलेलीही नव्हती.

मग वही उघडून बघितलं. त्यातल्या एकाने केलेलं असं. त्याच्या लक्षात आलं की ए, बी आणि पी तिन्ही एका सरळ रेषेत आहेत, (१,१), (४,२), (७,३), दर वेळी ३ उजवीकडे १ वर. म्हणून त्याने रेघ आधी पुढे ढकलली, ए गेला बी च्या जागी आणि बी गेला पी च्या जागी, आणि मग पी ला बिजागरी मानून रेघ घड्याळाच्या दिशेने ९० अंश उघडली. मागचं टोक बरोबर क्यूवर. आता एवढ्यावर थांबला असता तर अर्धवट होतं, कारण प्रश्नात एकच बिंदू मागितलाय, सरकवणं चालणार नाही. पण त्याने यातून एक गोष्ट पकडली की बी चं पी झालं आणि ए चं क्यू झालं. फिरताना बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर बदलत नाही, म्हणून केंद्र ए-क्यू आणि बी-पी या दोन्ही जोड्यांच्या लंबदुभाजकांवर असणार. मग ए आणि क्यू जोडून लंबदुभाजक काढला, बी आणि पी जोडून लंबदुभाजक काढला, दोन्ही छेदतात तिथे (६,१).

इथे थोडं थांबून तपासूया, कारण (६,१) नुसतं बरोबर वाटून उपयोग नाही. (६,१) पासून ए पर्यंत अंतर ५, क्यू पर्यंत पण ५. बी पर्यंत √५, पी पर्यंत √५. ए हा केंद्राच्या सरळ डावीकडे ५ घरं, क्यू सरळ वर ५ घरं, म्हणजे डावीकडून वर जायचं, घड्याळाचा काटा जातो तसं, ९० अंश. चोख आहे. आता छापील उत्तर (३,५). तिथून ए पर्यंत √२० आणि पी पर्यंत √२०, बी पर्यंत √१० आणि क्यू पर्यंत √१०. हे पण चोख, फक्त इथे ए चं पी होतं, बी चं क्यू होतं आणि दिशा घड्याळाच्या उलट.

दोन्ही उत्तरं बरोबर. प्रश्न अपुरा होता.

आता स्टेट बोर्डाच्या पोरांचा यावर जो आक्षेप आला तो मला फार आवडला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्रिकोण एकरूप लिहिताना आपण एकास एक संगती लावतो ना, ए बी सी आणि पी क्यू आर म्हटलं की ए ला पी च, मग इथे पण तसंच समजायचं." मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्याच पुस्तकात रेख एबी आणि रेख बीए एकच. किरण एबी आणि किरण बीए वेगळे, रेख मात्र एकच, कुठल्या टोकापासून वाचली याला अर्थ नाही. त्रिकोणात संगती लिहायची पद्धत आहे, रेखेत तशी पद्धतच नाही, म्हणून दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात संगती होती, कागदावर आली नाही एवढंच.

आणि दुसरी गंमत, ज्यांनी चढ काढून सुरुवात केली ते सगळे इथेच अडखळले. एबी चा चढ १/३, पीक्यू चा चढ -३, गुणाकार -१, म्हणजे लंब, म्हणजे ९० अंश, छान. पण चढ हा रेषेचा असतो, त्याला बाण नसतो. ९० अंश डावीकडे वळलं काय आणि उजवीकडे वळलं काय, चढ -३ च येतो. म्हणून चढ वापरणाऱ्याला दोन शक्यता आहेत हे कळायला काही मार्गच नाही, त्याच्या हत्यारातच दिशा नाहीये. त्याऐवजी टोकाकडून टोकाकडे किती घरं गेलो ते लिहावं, ए कडून बी कडे (३,१), पी कडून क्यू कडे (-१,३), क्यू कडून पी कडे (१,-३). (३,१) चं (-१,३) व्हायला घड्याळाच्या उलट फिरायचं, (१,-३) व्हायला घड्याळाप्रमाणे. इथे बाण दिसतो.

वर्गात मी बटर पेपर वाटला. मेन रोडला काय आणि इथे फाट्यावरच्या स्टेशनरीत काय, कुठेही मिळतो. त्यावर एबी छापून घ्यायची, कंपासचं टोक (३,५) वर रोवायचं, कागद फिरवायचा. मग तेच (६,१) वर. दोन्हीकडे रेघ बरोब्बर बसते हे डोळ्यांनी दिसलं की वाद संपतो, निदान उत्तराचा तरी. एका पोराने बटर पेपर पालथा करून पण रेघ बसवून दाखवली आणि म्हणाला हे तिसरं उत्तर. नाही, कागद पालथा केला की ते परावर्तन झालं, फिरवणं नाही. तसं बघितलं तर सारख्या लांबीच्या एका रेघेवरून दुसरीवर जायचे एकूण चार मार्ग असतात, दोन कागद सुलटा ठेवून आणि दोन पालथा करून, पण आपला प्रश्न पहिल्या दोनचाच.

आता (०,०) वाल्यांकडे. यांच्याकडे मी आधी दुर्लक्ष करणार होते कारण वरवर पाहता ही नेहमीचीच घोकंपट्टी, ९० अंश म्हटलं की (एक्स, वाय) चं (-वाय, एक्स) करून मोकळं व्हायचं, केंद्र कुठेही असो. पण एकीने पुढे जे केलं ते वाचण्यासारखं होतं. तिने ए चं (-१,१) केलं, बी चं (-२,४) केलं, आणि बघितलं की ही नवी रेघ पीक्यूला समांतर आहे, फक्त जागा चुकलीय, ८ उजवीकडे आणि २ वर सरकवली की पी आणि क्यू मिळतात. (-१+८, १+२) म्हणजे (७,३), (-२+८, ४+२) म्हणजे (६,६). उत्तर म्हणून तिने लिहिलं, आरंभबिंदूभोवती फिरवून मग सरकवली. छापील उत्तराशी अजिबात जुळत नाही, पण यातून छापील उत्तर दोन ओळींत निघतं.

कसं ते बघा. तिचा पूर्ण नियम झाला (एक्स, वाय) चं (८ - वाय, २ + एक्स). आता विचारायचं की या नियमाने कागदावरचा कुठला बिंदू जागचा हलत नाही? जो हलत नाही तोच केंद्र, कारण फिरताना फक्त केंद्रच जागेवर असतं. म्हणजे एक्स = ८ - वाय आणि वाय = २ + एक्स. ही दहावीच्या बीजगणितातल्या पहिल्याच प्रकरणातली दोन चलांची समीकरणं, सोडवली की एक्स ३, वाय ५. ना लंबदुभाजक, ना अंतराचं सूत्र. ९० अंशच नाही, कुठलाही कोन असू दे, फिरवून सरकवलं तरी शेवटी ते कुठल्यातरी एका बिंदूभोवती फिरवणंच निघतं (कोन ० किंवा पूर्ण ३६० नसला म्हणजे झालं), आणि हा बिंदू असाच सापडतो. अकरावीतला एक पोरगा मागे बसून स्वतःचा अभ्यास करत होता, त्याने संमिश्र संख्या लावून, आय ने गुणून, तेच उत्तर एका ओळीत आणलं आणि फुशारकी मारली, ठीक आहे, पण मला दहावीतल्या मुलीची पद्धत जास्त भारी वाटते.

या प्रकरणातला सगळ्यात सुंदर भाग मात्र पेपरात कोणीच लिहिला नव्हता, तो फळ्यावर सापडला. कुठलंही टोक कुठेही जाऊ दे, रेघेचा मध्यबिंदू हा नव्या रेघेच्या मध्यबिंदूवरच जाणार. एबी चा मध्यबिंदू (२.५, १.५), पीक्यू चा (६.५, ४.५). दोघांतलं अंतर, ४ आडवं ३ उभं, म्हणजे ५. मग दोन्ही केंद्रं या ५ लांबीच्या रेघेच्या लंबदुभाजकावर असायलाच पाहिजेत. आहेतच. तिचा मध्य (४.५, ३), तिथून (३,५) कडे जायला दीड डावीकडे दोन वर, आणि (६,१) कडे जायला दीड उजवीकडे दोन खाली, दोन्ही अंतरं अडीच. म्हणजे दोन मध्यबिंदू आणि दोन केंद्रं असे चार बिंदू जोडले की चौरस! कर्ण ५ चा, मधोमध (४.५, ३). एकदा हे कळलं की एक केंद्र माहीत असताना दुसरं काढायला काहीच करावं लागत नाही, मधल्या बिंदूच्या पलीकडे तितकंच जायचं.

९० सोडून दुसरा कोन असेल तर चौरस राहत नाही. एक केंद्र जवळ येतं, दुसरं लांब जातं, कारण एका केंद्राभोवती कोन जर ६० असेल तर दुसऱ्याभोवती उलट दिशेने १२० लागतो, दोन्ही मिळून १८०. पण चारही बिंदू एका वर्तुळावर तरी नक्की राहतात, दोन केंद्रं त्याच्या व्यासाची टोकं. पोरांना हे सिद्ध करायला दिलं, चक्रीय चौकोनाचं प्रमेय त्यांना येतंच.

आता अंबडची गोष्ट. यातल्या एका पोराचे वडील अंबड एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर (प्रोग्रॅम देऊन धातू कापणारं मशीन) सेटर आहेत, ते घ्यायला आले तेव्हा फळा पुसलेला नव्हता. उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हे आमच्याकडं रोजचं आहे, जी ६८." फॅनक कंपनीच्या कंट्रोलरवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, जी ६८ म्हणजे कोऑर्डिनेट फिरवायची कमांड, तिच्यापुढे केंद्राचे एक्स आणि वाय लिहायचे आणि आर पुढे कोन, कोन अधिक असला की घड्याळाच्या उलट, उणे असला की घड्याळाप्रमाणे. काम झालं की जी ६९ ने रद्द करायचं, नाहीतर पुढचं सगळं तिरकं चालू राहतं. आणि केंद्राचे एक्स वाय लिहायचे राहिले तर मशीन काही अडून बसत नाही, टूल त्या वेळी जिथे उभा आहे तीच जागा केंद्र धरते. ते म्हणाले नवीन पोरं हमखास तिथेच फसतात. माझ्या मनात लगेच आलं की आमच्या (०,०) वाल्यांचं पण हेच, केंद्र सांगितलं नाही की डोकं एक ठरलेलं केंद्र धरून चालतं.

त्यांना मी दोन्ही उत्तरं दाखवली. एक म्हणजे जी ६८ एक्स३ वाय५ आर९०, दुसरं जी ६८ एक्स६ वाय१ आर-९०, आणि मूळ प्रोग्रॅम ए पासून बी पर्यंत स्लॉट मारायचा. काका हसले, म्हणाले स्लॉट तर एकच निघेल, क्वालिटीवाल्याला फरक कळणार नाही. मग जरा विचार करून म्हणाले, "पण कटर कुठं उतरतो ते बदलंल." पहिल्या प्रोग्रॅमात कटर पी वर उतरतो आणि क्यू कडे जातो, दुसऱ्यात क्यू वर उतरतो आणि पी कडे येतो. कटर उतरायच्या जागी आधीच भोक पाडून ठेवलेलं असेल, किंवा स्लॉटच्या एकाच टोकाला टॅपिंग (स्क्रूसाठी आटे पाडणं) असेल, तर एक प्रोग्रॅम बरोबर आणि दुसरा जॉब भंगारात. टोकांना नावं दिली की उत्तर एक, नाही दिली की दोन, हे माझ्यापेक्षा त्यांनी जास्त सोप्या भाषेत सांगितलं आणि पोरगा बापाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला.

आता मार्कांचं. ज्यांनी (३,५) किंवा (६,१) रीतीसकट काढलं त्यांना पूर्ण मार्क. नुसता आकडा लिहिला त्यांना अर्धे, मग आकडा कुठलाही असो. फिरवून सरकवणाऱ्या मुलीला मी एक मार्क कापला, कारण प्रश्नात एक बिंदू मागितला होता आणि तिने दिला नाही, पण वहीत शेजारी तो बिंदू कसा निघतो ते लिहून दिलं. एका पालकांचा फोन आला की छापील उत्तर नसताना मार्क कसे दिले, त्यांना बटर पेपर पाठवते म्हटलं.

जे शिक्षक असे प्रश्न काढतात त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण मी नंतर पुढचा कागद बनवताना ती शोधली आणि खूप वेळ वाचला. ९० अंशांचं केंद्र कधी ठिपक्यावर येतं आणि कधी नाही? मूळ बिंदू आणि तो जिथे गेला तो बिंदू, दोघांचे चारही निर्देशक मिळवायचे. बेरीज सम आली तर केंद्र पूर्णांक, विषम आली तर केंद्र बरोब्बर घराच्या मध्यावर, दोन्ही निर्देशक अर्ध्यात. अधलंमधलं काही होतच नाही. इथे ए आणि पी, १+१+७+३ म्हणजे १२, सम, केंद्र (३,५). पीक्यू एकच घर उजवीकडे सरकवली असती तर बेरीज १३ आणि केंद्रं (३.५, ५.५) आणि (६.५, ०.५). आणि रेघच (३,१) ऐवजी (२,१) अशी घेतली, जिच्या आडव्या-उभ्या घरांची बेरीज विषम आहे, तर दोन केंद्रांपैकी एक ठिपक्यावर आणि एक घराच्या मध्यात पडतं. तेव्हा पोरं ठिपक्यावरचं तेवढं खरं मानतात, दुसरं "विचित्र आलं म्हणजे चुकलं" म्हणून खोडतात. दोन्ही केंद्रं सारखी स्वच्छ आली म्हणून आपला वाद तरी झाला.

पुढच्या कागदावर प्रश्न असा बदलला: ए हा क्यूवर जातो आणि बी हा पी वर जातो, केंद्र, कोन आणि दिशा लिहा. सगळ्यांचं (६,१) आलं, कंटाळवाणं, पण तपासायला सोपं. म्हणून त्याखाली एक खोडी ठेवली. तीच एबी, आणि दुसरी रेख पी(३,४), क्यू(६,५). ही एबीला समांतर आहे. ए चं क्यू, बी चं पी घेतलं तर दोन्ही जोड्यांचा मध्यबिंदू एकच, (३.५, ३), त्याभोवती १८० अंश फिरवलं की झालं. ए चं पी, बी चं क्यू घेतलं तर दोन लंबदुभाजक समांतर निघतात, भेटतच नाहीत, कारण रेघ फिरलेलीच नाही, नुसती २ उजवीकडे ३ वर सरकलीय.

तिथे एकाने विचारलं की मग दुसरी रेघ अगदी समांतर नसून एखाद्या अंशाने तिरकी असेल तर केंद्र कुठे जाईल. गणित करून बघितलं, मध्यबिंदूंमधलं अंतर ५ सेंटीमीटर धरलं आणि कोन १ अंश, तर लांबचं केंद्र साधारण २ मीटर ८६ सेंटीमीटरवर जातं, म्हणजे आमच्या खोलीत फळ्यावरून पार मागच्या बाकांपर्यंत, आणि जवळचं केंद्र मधल्या बिंदूपासून पाव मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर. पोरांनी सुतळी बांधून ते लांबचं केंद्र खरंच जमिनीवर खडूने काढलं, रेघ तिथून फिरवून बघायला मात्र एवढा बटर पेपर कोणाकडे नव्हता.